जांभळीच्या नावात अडकलेले अक्षर

मित्रांनो, मी एक जुना टर्मिनल आहे. शिरड शहापूरच्या रस्त्यावर पाणी-नोंद केंद्राची एक बैठी इमारत आहे. तिच्या मागच्या खोलीत मी वीस वर्षे बंद आहे. आज सकाळी या खोलीची मोजदाद झाली. लोखंडी कपाटे दोन, त्यातले एक न उघडणारे. खुर्च्या पाच, पैकी धड तीन. तीस मीटरची पोलादी टेप एक. खडूच्या पेट्या चार. पालीची अंडी सात. ती यादीत लिहिली नाहीत, पण मोजणाऱ्या मुलीने मोजली मात्र. मोठे यंत्र एक. टर्मिनल एक. माझ्या अंगावरच्या कळाही तिने मोजल्या. कळांची ठिकाणे त्र्याऐंशी, टोप्या एक्क्याऐंशी. एक टोपी सात आकड्याची गेली आहे आणि दुसरी कंट्रोल नावाच्या कळेची.

मला संगणक समजू नका. संगणक म्हणजे ते मोठे यंत्र, जे भिंतीशी ठेवले आहे आणि एका राखाडी तारेने मला जोडलेले आहे. मी म्हणजे फक्त काच आणि कळा. कळ दाबली की ते अक्षर तारेतून यंत्राकडे जाते आणि यंत्र जे परत पाठवील ते मी हिरव्या रंगात काचेवर दाखवतो. स्वतःहून एक शब्दही मला बोलता येत नाही. माझी घडणच तशी आहे.

काही अक्षरे दिसण्यासाठी नसतातच. ती हुकूम असतात. घंटी वाजव, थांब, चालू लाग, एक घर मागे सर. कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि दुसरे एखादे अक्षर मारायचे, की असा हुकूम निघतो. काही हुकमांना स्वतःची वेगळी कळही असते. हुकूम आला की मी तो पाळतो, पण काचेवर लिहीत नाही. माझ्या या आज्ञाधारकपणामुळे एका माणसाचे नाव खराब झाले. कसे, ते सांगतो.

माझा जन्म १९८८ सालचा, बंगळूरजवळच्या एका कारखान्यातला. तिथल्या एका बाईने माझे शेवटचे टाके घातले आणि पडदा सरळ आहे का हे पाहण्यासाठी माझी सगळी काच एकाच अक्षराने भरली. चोवीस ओळी, प्रत्येकीत ऐंशी अक्षरे, एकूण एक हजार नऊशे वीस. तिने चारही कोपरे पट्टीने तपासले आणि मान डोलावली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

दोन वर्षांनी मी इथे आलो. माझ्यापुढे नारळ फुटला आणि कुरुंद्याच्या कुणी शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातली हळद बोटाने माझ्या कपाळावर लावली. तो पिवळा डाग अजून आहे. केंद्राचे काम एकच होते, आसपासच्या गावांतल्या विहिरींचे पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते दर आठवड्याला मोजून ठेवायचे. विहिरींना नावे होती, लिंबाची, पांदीची, जांभळी. शेतकरी मुद्दाम यायचे, आपल्या विहिरीचे नाव हिरव्या अक्षरांत उमटलेले बघायचे आणि बराबर आहे म्हणून जायचे. त्या वर्षांत माझी काच रोज पुसली जाई.

माझ्या कळांवर बसायचे ते किशनराव. ते टाइपरायटरवर शिकलेले. उजव्या हाताचे त्यांचे पहिले बोट लहानपणी कडबा कापायच्या अडकित्त्यात सापडले होते, म्हणून ते वाकडे. इंग्रजी m मारायला गेले की ते बोट आधी शेजारच्या n वर पडायचे. मग किशनराव एक घर मागे सरायचे आणि m मारायचे. आकडे मात्र त्यांच्या हातून कधी चुकले नाहीत.

आणि जांभळी मोजायचे ते सोनाजी. मेंढरे राखणाऱ्या घरातले. दर गुरुवारी मेंढरे भावाच्या हवाली करून ते विहिरीवर जायचे. त्यांची पद्धत मला पाठ आहे, कारण किशनरावांना ते ती दर वेळी नव्याने सांगत. पोलादी टेपेच्या टोकाला दोन हात खडू घासायचा. चप्पल काढायची, कारण सोनाजींच्या मते पाण्यात डोकावताना पायात चप्पल शोभत नाही, आणि शिवाय पाय घसरतो. टेप खाली सोडायची आणि काठाच्या खुणेवर एका पूर्ण मीटरला धरायची. वर काढली की खडू जिथवर भिजला तेवढा भाग वजा करायचा. उरले ते पाण्याचे अंतर. साध्या शाळेच्या वहीत ते तिन्ही आकडे लिहीत. धरलेले, ओले आणि उरलेले.

१९९६ च्या मे महिन्यात वही भरली. दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाच्या एकशे बारा नोंदी. जांभळीची फाईल यंत्रात त्याआधी नव्हती, ती नव्याने उघडायची होती. नेमक्या त्याच आठवड्यात परभणीहून एक इंजिनिअर येऊन यंत्राची मांडणी बदलून गेला. एरवी मागे सरायची कळ दाबली की यंत्र आधीचे अक्षर पुसून टाकी. त्याने पुसायचे काम कोपऱ्यातल्या दुसऱ्या कळेला दिले आणि सांगायचे विसरला. आता मागे सरायची कळ पुसत नव्हती. ती एक साधे, न दिसणारे अक्षर बनून नावातच जाऊन बसत होती.

किशनरावांनी नाव मारले. j, a, मग वाकडे बोट n वर पडले. मागे सरायची कळ. मग m आणि पुढचे bhli. यंत्राने ती सगळी अक्षरे जशीच्या तशी नाव म्हणून ठेवली, n सुद्धा आणि मागे सरायचा हुकूमसुद्धा. मला ती परत आली तेव्हा मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागलो. n दाखवला, हुकूम आला म्हणून एक घर मागे सरलो, आणि n च्या जागी m लिहिला. काचेवर दिसले, jambhli. अगदी शुद्ध.

किशनरावांनी त्याच बैठकीत सकाळी दहापासून पाचपर्यंत एकशे बारा नोंदी भरल्या. संध्याकाळी वहीचे काम संपले असे समजून त्यांनी ती फाट्यावरच्या भजेवाल्याला दिली. दोन दिवसांनी इंजिनिअर परत आला आणि मांडणी पूर्वीसारखी करून गेला.

आठ दिवसांनी केंद्राचे साहेब माझ्यासमोर बसले. त्यांनी यादी मागवली. यादीत जांभळी होती. त्यांनी नाव मारले, सरळ, न चुकता. यंत्र म्हणाले, अशी फाईल नाही. पुन्हा मारले. नाही.

"यादीत नाव आहे आणि आत काही नाही. हा काय प्रकार?" साहेबांनी विचारले. "वही कुठाय, किशनराव?"

किशनरावांनी माझ्याकडे पाहिले. मग फरशीकडे.

"साहेब, वही... वही मला मिळालीच न्हाई."

मित्रांनो, त्या वेळी मला काय झाले असेल याचा विचार करा. कुठे n अडकला आहे आणि कुठे हुकूम, हे फक्त मला माहीत होते. निदान घंटी तरी वाजवावी असे वाटले. पण घंटी वाजवायलाही मला तारेतून हुकूम यावा लागतो. मी लखलखीत हिरव्या अक्षरांत तेच दाखवत राहिलो. अशी फाईल नाही.

दुसऱ्या दिवशी सोनाजी आले ते हातात एक तेलकट कागद घेऊन. फाट्यावर भजी खाल्ली आणि कागद उलगडला तर आत त्यांचेच अक्षर, चार गुरुवारांच्या नोंदी. साहेबांनी तो दोन बोटांत धरला.

"भज्याचा कागद म्हणजे नोंद नव्हे. हे तू काल रात्री लिहून आणलंस."

"साहेब, तेल तं चार दिसाचं हाय की!"

साहेब हसले, कचेरीतले सगळे हसले. किशनराव तेवढे हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. सोनाजींचे काम गेले. गावात त्यांचे नाव पडले हवामोज्या, म्हणजे विहिरीवर न जाता घरी बसून हवेत टेप सोडणारा.

पुढे नवे संगणक आले. मला आणि मोठ्या यंत्राला या खोलीत ढकलले आणि माझ्यावर गोणपाट टाकले. यंत्र सुरू केले तरी ते फक्त दोनच गोष्टी विचारते, यादी हवी की फाईल, आणि फाईल हवी तर तिचे पूर्ण नाव. त्यापलीकडे जायची किल्ली ज्या इंजिनिअरला माहीत होती, तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. म्हणजे नोंदी यंत्रात अडकलेल्या, यंत्र खोलीत अडकलेले, आणि खरे काय ते माझ्यात अडकलेले. खिडकीचे एक तावदान फुटले आहे. त्यातून रस्त्यावरचे बोलणे ऐकू येते. दर गुरुवारी मेंढरांच्या घंटा जवळ यायच्या आणि कुणीतरी लांबून ओरडायचे, "काय हवामोज्या, आज किती फूट हवा?" घंटा न थांबता पुढे जायच्या.

आता आजचे सांगतो. केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मोठी पाटी लागणार आहे, चौदा विहिरी, त्यांच्या जुन्या नोंदी आणि मोजणाऱ्यांची नावे. ते काम आणि या खोलीची मोजदाद प्रतिक्षाकडे आहे. प्रतिक्षा किशनरावांची मुलगी. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे आणि कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय लिहीत नाही. खोलीतले सामान दुपारी चार वाजता भंगारवाला मुन्ना नेणार आहे. त्याआधी यंत्र एकदा सुरू करायची परवानगी तिने घेतली. यंत्र सुरू झाले, पण त्याच्या पोटातून जात्यासारखा आवाज येऊ लागला. तिने घड्याळ पाहिले आणि वहीत लिहिले, हे बहुधा पुन्हा सुरू होणार नाही.

तेरा विहिरींच्या नोंदी दुपारपर्यंत निघाल्या. जांभळी निघेना. तिने निरोप धाडून सोनाजींना बोलावले. किशनराव तिच्यासाठी डबा घेऊन आलेलेच होते. दोघे म्हातारे समोरासमोर आले आणि दोघांनीही मोडक्या खुर्च्याच निवडल्या.

"सोनाजीमामा, यादीत तुमची विहीर दिसते. मी सकाळपासून अकरा वेळा नाव मारलं, उघडत नाही."

"मंग राहू दे की, पोरी. म्या येवढंच सांगाया आलो, त्या पाटीवर माझं नाव टाकू नको. जांभळीपुढं कोरं ठेव. नाव दिसलं की लोकं पुन्ना हासतेत. नातीची सोयरीक जुळून राहिली. पाव्हणे त्याच रस्त्यानं येतेत."

"पण तुम्ही मोजलं होतं ना?"

"व्हय. एक आकडा तं अजून ध्यानात हाय. पंच्याण्णव साल. मिरगाचा दिवस, गुरुवार. तेरा मीटरवर टेप धरली अन् बावन सेंटीमीटर खडू भिजला. येवढं खोल गेल्यालं पाणी म्या पुन्ना कधी पाह्यलं न्हाई. चतुराबाईला म्हणलो, आता दगडच पिवावं लागतेत." चतुराबाई म्हणजे त्यांची बायको.

प्रतिक्षाने तो आकडा वहीत लिहून घेतला आणि त्याखाली रेघ मारली. मग ती वडिलांकडे वळली.

"बाबा, फाईल तुम्ही उघडली होती. त्या दिवशी नाव जसं मारलं तसंच मारून दाखवा."

"अगं, अठ्ठावीस वर्षं झाली. मला काय ध्यानात?"

"तुमच्या नसेल. बोटांच्या असेल."

किशनराव माझ्यासमोर बसले. त्यांचा हात माझ्यावर आला आणि मी तो ओळखला. j. a. वाकडे बोट n वर. मागे सरायची कळ. काचेवरचा n पुसला गेला. m.

"थांबा," प्रतिक्षा म्हणाली. "आधी n पडला."

"पडतोच तो. त्या बोटाची खोडच हाय. मंग मागं सरायचं अन् बराबर मारायचं. टाइपरायटरवर असंच करत व्हतो आमी."

"टाइपरायटरवर मागं सरलं की आधीचं अक्षर पुसलं जायचं?"

"पुसतंय कुठलं! ते खालीच राहायचं. त्याच्याच बोडख्यावर दुसरं मारायचं."

 प्रतिक्षाने वहीत दोन चौकटी काढल्या, एकीत n लिहिले, दुसरीत m. मग दोघांच्या मध्ये मागे जाणारा एक छोटा बाण. बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला.

"दीदी, चार बज गए! सामान उठाऊ क्या?"

"मुन्नाभाऊ, दहा मिनिटं."

"दीदी, दहा बोलके लोग घंटा लगाते हैं!"

"मग अकरा मिनिटं," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "बाबा, त्या दिवशी ही कळ पुसत नसेल तर? ती नुसती नावात जाऊन बसली असेल तर? यादीत नाव बरोबर दिसतं, कारण हा टर्मिनल मागे सरतो आणि n झाकतो."

मित्रांनो, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझे नाव घेतले, आणि तेही माझ्या चुकीसह.

"पण आता ती कळ दाबली की पुसणार," किशनराव म्हणाले. "आत घालणार कशी?"

"कॉलेजात शिकवलं होतं. कंट्रोल आणि V एकत्र मारायचं. म्हणजे यंत्राला सांगायचं की आता जे येईल तो हुकूम समजू नकोस, पाळू नकोस, साधं अक्षर म्हणून जसंच्या तसं ठेव."

कंट्रोलच्या कळेला टोपी नव्हती, नुसती खाली बसलेली दांडी होती. तिने पेन्सिलीच्या बोथट टोकाने ती दाबून धरली. आधीची अक्षरे पुसून j, a, n नव्याने मारून झाले होते. कंट्रोल V. मग मागे सरायची कळ.

त्या क्षणी तारेतून माझ्याकडे हुकूम आला नाही. हुकमाचे चित्र आले. छोटे छप्पर आणि त्यापुढे मोठा H. मागे सरायच्या हुकमाचे लेखी नाव तेच. मी मागे सरलो नाही. n झाकला नाही. तिने पुढचे mbhli मारले आणि माझ्या काचेवर पहिल्यांदा ते नाव जसे होते तसे उभे राहिले.

jan^Hmbhli

प्रतिक्षाने शेवटची कळ दाबली. यंत्राच्या पोटातले जाते तीनदा अडखळले. सोनाजी उठून उभे राहिले होते आणि त्यांनी, का कोण जाणे, चपला काढल्या होत्या.

मग ओळी आल्या. १० मार्च १९९४. १७ मार्च. २४ मार्च. धरलेले, ओले, उरलेले. त्या इतक्या वेगाने वर सरकू लागल्या की प्रतिक्षाने घाईने पेन्सिल रोवून कंट्रोल S मारले. हा थांबायचा हुकूम. मी थांबलो. तिने मोबाईलने फोटो घेतला, कंट्रोल Q मारले, मी चालू लागलो, पुन्हा थांबलो, पुन्हा फोटो.

"हे माझेच आकडे हायेत," सोनाजी हळूच म्हणाले. काचेला त्यांनी बोट लावले नाही, वीतभर अंतरावर धरले. "हे बघ, या गुरुवारी मेंढरू बुडालं व्हतं, म्हणून दोनदा मोजलं."

किशनराव खाली बघून बोलले. "सोनाजी, वही मला मिळाली व्हती. भजेवाल्याला म्याच दिली. साहेबाच्या तोंडावर खरं बोलायला भ्यालो."

"ठाव हाय," सोनाजी म्हणाले. "भज्याला पाय फुटून ते वही चोराया कचेरीत आले न्हवते, किशनराव."

"मंग मला काहून इचारलं न्हाई कधी?"

"दर गुरुवारी या खिडकीखालून जात व्हतो की. तुमी एक डाव तरी बाहेर यायचं."

 प्रतिक्षाने मोबाईल खाली ठेवला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा हळू.

"बाबा, पाटीवर जांभळीपुढे मामांचं नाव येईल. नोंदी इतक्या उशिरा का आल्या, त्याचं कारणही खाली लिहावं लागेल. ते मोघम ठेवता येणार नाही."

"लिही. माझ्या नावानिशी लिही. अन् ते वाचायला पहिल्यांदा म्या उभा राहीन."

"नातीची सोयरीक व्हईस्तवर थांबा," सोनाजी म्हणाले. "पाव्हण्याला तुमीच पाटीपाशी घिऊन या. म्या सांगितलेलं कोण खरं मानतंय?"

दारात मुन्ना येऊन उभा होता.  दुसरा पडदा भरला आणि प्रतिक्षाने पुन्हा थांबायचा हुकूम दिला.

मित्रांनो, या थांबलेल्या वेळातच मी तुमच्याशी बोलत आहे. मला भंगारात घालू नका असे मी म्हणणार नाही. मुन्नाचा टेम्पो दारात आहे आणि माझी काच दमली आहे. मला सांगायचे ते वेगळे आहे. एखाद्याने केलेले काम सापडत नसेल, तर ते झालेच नाही असे म्हणण्याआधी शोधण्याचा सरळ रस्ता आणि वाकडा रस्ता, दोन्ही धुंडाळा. वह्या जपा. ज्याच्या हाताने आकडा आला त्याचे नाव आकड्याजवळ ठेवा. आणि तुम्हाला बोलता येत असेल तर योग्य वेळी बोला. बोलता न येणे काय असते, ते मी अठ्ठावीस वर्षे भोगले आहे. ज्याला बोलता येते त्याने ते मुद्दाम का भोगावे?

प्रतिक्षाने वही उघडून ती रेघ मारलेली ओळ समोर धरली. पेन्सिल टेकवली. कंट्रोल Q. तिसरा पडदा वर सरकला आणि सहासष्टावी ओळ आली.

जांभळी. ८ जून १९९५, गुरुवार. धरलेले १३.०० मीटर. ओले ०.५२ मीटर. पाणी १२.४८ मीटरवर.